आवडत्या कादंबरीवर घरगुती बोर्डगेम करताय? या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत बोर्डगेम खेळणाऱ्या कुठल्याही टोळीत असा एकजण असतोच, ज्याला लाडक्या फँटसी कादंबरीचा गेम स्वतः बनवायचा असतो. परवानगी वगैरे कोण घेतंय! पण हे गेम वकिलाच्या नोटिशीआधीच पटावर मरतात.

कारण अख्खं कथानक पटावर उतरवलेलं असतं. पुस्तक पाठ असलेल्याला दगा कोण देणार हे आधीच ठाऊक, आणि न वाचलेला बिचारा नुसते फासे टाकतोय. ही प्रश्नमंजूषा झाली, खेळ कुठला? कथानक सोडा, त्यातला पेच घ्या. जादूची वस्तू जितक्यांदा वापराल तितके पत्ते हातातून कायमचे जातील, एवढा एक नियम करून बघा. मोह आणि त्याची किंमत दोन्ही आली, आणि पात्रांची नावं लागलीच नाहीत. कायद्यालाही हेच सोयीचं आहे: खेळाची निव्वळ कल्पना कॉपीराइटमध्ये येत नाही, पात्रं, नकाशे, मजकूर, चित्रं येतात.

नावांचा हट्ट मोठमोठ्यांना भोवलाय. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फँटसी खेळात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनचे बुटके हॉबिट आणि चालतीबोलती झाडं असलेले एंट चक्क नावानिशी होते. हक्कधारकांनी हरकत घेतल्यावर पुढच्या छपाईत त्यांचे हाफलिंग आणि ट्रीअंट झाले. खेळाचं काही बिघडलं नाही, तो आजही जोरात चालू आहे.

‘पैसे घेतले नाहीत’, ‘नावं मराठीत केली’, ‘हक्क मूळ लेखकाचे अशी खाली सूचना टाकलीय’ या सबबी मला दर वेळी ऐकवल्या जातात. तिन्ही लंगड्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतर आणि रूपांतराचा हक्कही लेखकाचाच, फुकट वाटलेली पीडीएफ हीसुद्धा प्रतच, आणि सूचना म्हणजे परवानगी नव्हे. खासगी वापराला कायदा सवलत देतो, म्हणून घरात चार मित्रांपुरता एक संच ठेवलात तर डोक्याला ताप नाही. सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर विकायला मांडलात की गोष्ट बदलते.

छपाईचं थोडक्यात: पत्त्यांच्या मागच्या बाजूला बारीक चौकट नको, कटिंग जराही सरकलं की पत्ता ओळखू येतो. कडेला ३ मिमी जास्तीची जागा सोडा. ३०० जीएसएम (म्हणजे कागदाचं वजन) आर्ट कार्ड पुरतं. आधी एकच पान छापून बघा, स्टेशनजवळच्या दुकानात घाईच्या वेळी तर नक्कीच.

मोकळं रान हवं असेल तर जुनं साहित्य घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. टोल्किन १९७३ मध्ये गेले, म्हणजे २०३३ संपेपर्यंत थांबा. ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीचे लेखक देवकीनंदन खत्री मात्र १९१३ सालीच गेले. तिलिस्म म्हणजे जादुई चक्रव्यूह, ऐयार म्हणजे चतुर हेर, वेषांतर, भुयारं... गेमसाठी आयता माल! फक्त चित्रं टीव्ही मालिकेतून उचलू नका, तिचे हक्क वेगळे आहेत.