क्विनोआ मोकळा, फ्लॉवर खरपूस

पहिल्यांदा क्विनोआ आणला तेव्हा मी तो तांदळासारखा सरळ कुकरला लावला. दुप्पट पाणी, त्यातच फ्लॉवरचे तुरे, मटार, मीठ आणि तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत पिवळट लगदा, आणि वास असा की जिन्यापर्यंत कळावं आज कोणाकडे फ्लॉवर शिजलाय. आईने डावाने थोडं वर उचलून बघितलं आणि विचारलं, "अरे, कोणाला बरं नाहीये?" आमच्याकडे आजाऱ्याला खिमट देतात, त्यावरून.

घोळ पाण्याचा झाला होता. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, गरम झालं की तो ते सोडायला लागतो. क्विनोआचा दाणा मोहरीपेक्षा थोडा मोठा; द्याल तेवढं पाणी पितो आणि मग फुटून चिकट होतो. म्हणून आता मी दोघांना वेगवेगळं शिजवतो, दोघांना कोरडं होऊ देतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत एकत्र आणतो. पदार्थ म्हणाल तर आपला मसालेभातच, फक्त त्यात भात नाही.

तिघांच्या जेवणाचं प्रमाण सांगतो. क्विनोआ एक वाटी (माझ्या वाटीत साधारण 120 ग्रॅम बसतो), फ्लॉवरचा लहान गड्डा, म्हणजे तुरे काढून 350 ग्रॅमच्या आसपास, अर्धी वाटी मटार, चार-पाच तोंडली, मूठभर काजू किंवा शेंगदाणे, दोन चमचे गोडा मसाला, फोडणीचं साहित्य, वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबू. तेल एकूण तीन टेबलस्पून लागतं. यात काटकसर केली की फ्लॉवर नीट भाजला जात नाही.

आधी धुवा, आणि नीट धुवा

पुड्यावर क्विनोआ लिहिलेलं असतं, उच्चार मात्र "कीन्वा"च्या जवळचा. हे पीक बोलिव्हिया आणि पेरूच्या अँडीज पर्वतातलं, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारांवरचं. संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे वर्ष क्विनोआचं म्हणून पाळलं. आपल्या भरडधान्यांची पाळी त्यानंतर दहा वर्षांनी, 2023 मध्ये आली. आता राजस्थानातही तो पिकतो. पण मला आवडतं ते त्याचं नातं. तो गवतवर्गातला नाहीच, तो आपल्या चाकवताचा सख्खा भाऊ आहे आणि राजगिरा त्याचा चुलत. ताक घालून चाकवताची पातळ भाजी खाणाऱ्याला क्विनोआ परका वाटायचं कारण नाही.

त्याच्या सालीवर एक कडू थर असतो. रिठ्यात जो फेसाळ पदार्थ असतो त्याच जातीचा. शेतात या कडूपणामुळे पाखरंही दाण्याच्या फारशी नादी लागत नाहीत. हल्ली पाकिटातला बहुतेक माल घासून, धुऊन आलेला असतो, तरी मी विश्वास ठेवत नाही. पातेल्यात क्विनोआ घेऊन भरपूर पाणी घाला आणि तळव्यांमध्ये चोळा. पाण्यावर बारीक, पांढरा, न विरणारा फेस येतो. भांडी घासताना येतो तसाच. ते पाणी ओता, पुन्हा घाला. चौथ्या-पाचव्या पाण्याला फेस येईनासा होतो. खात्री करायची असेल तर एक दाणा दाताखाली धरा. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळला तर अजून एक पाणी.

धुताना रोळी वापरू नका, तिच्या भोकांतून अर्धा क्विनोआ मोरीत जातो. चहाची मोठी बारीक गाळणी किंवा पंचाचं स्वच्छ फडकं घ्या. धुऊन झालं की दहा मिनिटं निथळत ठेवा. ही दहा मिनिटं घाईत गाळायची नाहीत, पुढचं पाण्याचं माप यावरच बसतं.

क्विनोआ शिजवताना

जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल गरम करून निथळलेला क्विनोआ घाला आणि मध्यम आचेवर परता. आधी तो बुडाला चिकटेल, मग सुटा होईल, आणि तीन-चार मिनिटांनी तडतडायला लागेल. भाजलेल्या तिळासारखा वास आला की थांबा.

आता उकळतं पाणी घाला, दीड वाटी. बऱ्याच पाकिटांवर एकास दोन असं लिहिलेलं असतं. धुतलेला दाणा आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे दोन वाट्या घातल्या की हमखास गरगट होतं. पाव चमचा मीठ घाला, उकळी येऊ द्या, गॅस अगदी बारीक करा, झाकण ठेवा आणि घड्याळ लावा: 13 मिनिटं. तोवर झाकण उघडायचं नाही, ढवळायचं तर अजिबात नाही.

तेराव्या मिनिटाला बघा. दाणा अर्धपारदर्शक झालेला असतो आणि त्याच्या कडेचा पांढरा धागा सुटून शेपटीसारखा वळलेला दिसतो. तो त्याचा अंकुर. निम्म्याहून जास्त दाण्यांना शेपटी दिसली की शिजला. बुडाशी पाणी दिसलं तर अजून दोन मिनिटं. मग गॅस बंद करा, झाकणाखाली कोरडं फडकं ताणून बसवा आणि दहा मिनिटं विसरून जा. झाकणाला धरलेली वाफ फडकं पिऊन टाकतं, नाहीतर ती थेंबाथेंबाने परत क्विनोआत पडते. शेवटी काट्याने मोकळा करा आणि परातीत पसरा. एका वाटीचा जवळपास तीन वाट्या होतो.

लाल आणि काळा क्विनोआही मिळतो. त्यांना चार-पाच मिनिटं जास्त लागतात आणि दाणा जरा दाताला लागतो. मसालेभाताला मी पांढराच घेतो. काळा कोशिंबिरीत छान दिसतो.

फ्लॉवर

इथे बहुतेकांचा संयम सुटतो. फ्लॉवर आपल्याकडे तसा नवाच. 1822 साली तो इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आला आणि तिथून देशभर पसरला. तरीही आपण तो शतकानुशतकं चालत आल्यासारखा रश्श्यात ढकलतो. पाण्यात जितका जास्त वेळ शिजेल तितका त्याचा तो गंधकाचा वास वाढतो. मोठ्या आचेवर भाजला तर तोच फ्लॉवर गोडसर, जवळजवळ भाजलेल्या शेंगदाण्यासारखा लागतो.

गड्डा घेताना घट्ट आणि जड घ्या, पाला ताजा हिरवा असलेला. तुरे अक्रोडाएवढे कापा आणि प्रत्येक तुऱ्याची निदान एक बाजू सपाट राहील असं बघा, कारण कढईला टेकते तीच बाजू भाजते. अळ्यांसाठी मीठ-हळदीच्या कडकडीत पाण्यात पाच मिनिटं बुडवा. पाच म्हणजे पाच. मग उपसून कोरड्या पंचावर पसरा आणि वरून टिपून घ्या. ओले तुरे कढईत टाकले तर ते भाजत नाहीत, वाफवतात.

लोखंडी कढई किंवा बिडाचा तवा चांगला तापवा, दीड टेबलस्पून तेल घाला आणि तुरे सपाट बाजू खाली करून एका थरात लावा. मावत नसतील तर दोन घाणे करा. आता तीन मिनिटं हात लावायचा नाही. आपल्याला भाजी दिसली की उलथनं फिरवायची सवय असते, ती इथे आवरावी लागते. तीन मिनिटांनी एक तुरा उलटून बघा: कडेला गडद तपकिरी, आत पिवळसर सोनेरी, असा डाग पडला असेल तर बाकीचे उलटा. दुसऱ्या बाजूला आणखी तीन-चार मिनिटं. देठात सुरी थोड्या जोराने शिरली पाहिजे. सहज शिरली तर जास्त शिजलाय. मीठ यानंतरच. आधी घातलं की फ्लॉवरला पाणी सुटतं आणि भाजायचा तो शिजायला लागतो.

एकत्र करताना

त्याच कढईत, तुरे बाजूला काढून, उरलेल्या तेलाची फोडणी करा. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन मिरच्या उभ्या चिरून, काजू. काजू गुलाबी झाले की हळद, उभी चिरलेली तोंडली आणि मटार घाला आणि झाकण न ठेवता परता. तोंडली शिजायला सात-आठ मिनिटं घेतात. मग गॅस बारीक करून गोडा मसाला घाला, तो अर्धा मिनिट तेलात परतला की घरभर वास सुटतो. आता गार झालेला क्विनोआ, मीठ आणि चिमूटभर साखर. हलक्या हाताने, खालून वर असं मिसळा. सगळ्यात शेवटी फ्लॉवर. दोन मिनिटं परतून गॅस बंद. झाकण ठेवू नका. लिंबू ताटात पिळा, खोबरं-कोथिंबीर वरून.

तूप हवंच. डाएटसाठी क्विनोआ आणलाय म्हणून तूप वगळणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, पण चमचाभर तुपाने चवीत फरक पडतो.

डाएटचा विषय निघालाच आहे तर थोडं स्पष्ट बोलतो. क्विनोआच्या 100 ग्रॅम कच्च्या दाण्यात सुमारे 14 ग्रॅम प्रथिनं असतात, पांढऱ्या तांदळात साधारण 7. शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं त्यात आहेत, हेही खरं. पण वरच्या प्रमाणात एकेकाच्या ताटात 40 ग्रॅमच क्विनोआ येतो, म्हणजे त्यातून साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिनं. त्यावर विसंबून वरण बंद करू नका. सोबत दही किंवा टोमॅटोचं सार असू द्या, आणि मसालेभातात शेंगदाणे सढळ हाताने घाला. शिवाय त्याच 100 ग्रॅममध्ये 64 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकंही आहेत. साखरेचा त्रास असलेल्यांनी "हा पौष्टिक आहे" म्हणत दोनदा वाढून घेण्यासारखं ते नाही. लिंबू मात्र विसरू नका, त्यातल्या आणि फ्लॉवरमधल्या क जीवनसत्त्वामुळे क्विनोआतलं लोह अंगी लागायला मदत होते.

आणि किंमत परवडत नसेल तर राळा किंवा वरी घ्या, हाच मसालेभात होतो. भाजून घ्यायचं, गरम पाणी घालायचं, पसरून गार करायचं, रीत तीच.

उपासाला चालतो का, हा प्रश्न आईच्या भजनी मंडळात दोनदा चर्चेला आला होता. निकाल लागला नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळेच मूळचे अमेरिका खंडातले, त्यामुळे क्विनोआला एकट्यालाच दाराबाहेर उभं करणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

उरलेल्याचं काय

पाला आणि दांडा टाकू नका. जाड दांडा सोलून पातळ चकत्या करा आणि तोंडल्यांबरोबर फोडणीत घाला. कोवळा पाला बारीक चिरून लसणाच्या फोडणीवर परता आणि वरून बेसन पेरा, मेथीची पीठ पेरून करतो तशी. आमच्याकडे ही भाजी मूळ पदार्थाच्या आधी संपते.

साधा शिजवलेला क्विनोआ बंद डब्यात फ्रिजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. त्याचं थालीपीठ करा. एक वाटी शिजलेला क्विनोआ, एक वाटी भाजणी, एक वाटी किसलेला फ्लॉवर, बारीक चिरलेला कांदा, तिखट, ओवा, तीळ. किसलेल्या फ्लॉवरला आधी मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा आणि दाबून पाणी काढा, पण ते पाणी फेकू नका. पीठ त्यातच भिजवायचं, वेगळं पाणी सहसा लागत नाही. ओल्या फडक्यावर थापा, मध्ये भोक पाडा, तव्यावर टाकून भोकात आणि कडेने तेल सोडा. पहिल्या बाजूला झाकण ठेवा, दुसऱ्या बाजूला नाही.

आणि एवढं सगळं करूनही क्विनोआ गरगट झालाच तर त्याला मोकळा करायच्या भानगडीत पडू नका. अँडीजमध्ये तो मुद्दाम मऊ शिजवून घोटतात, त्यात दूध आणि चीज घालतात आणि त्याला पेस्के म्हणतात. मी दुधाऐवजी ताक घालतो, जिरं-आलं-कढीपत्त्याची तुपातली फोडणी देतो आणि भाजलेले तुरे खायच्या आधी वर ठेवतो. परवा मुद्दाम तसं केलं. आईने वाटी संपवली, आणि मग विचारलं, "पण कोणाला बरं नाहीये का?"