हँड ग्राइंडरला फिरणारा बेल्ट-आर्म बनवायचाय? आधी लॉक ठरवा, अँगल नंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही फाउंड्रीच्या फेटलिंगला (ओतीव मालावरचा जादा धातू काढून साफ करतात तिथं) जाऊन बघा, ४ इंची ग्राइंडर सगळ्यांच्या हातात हाय पण कास्टिंगच्या आतल्या कोपऱ्यातली फ्लॅश (साच्याच्या जोडावर उरलेली जादा धातूची कड) काढायला ते चाक आत जातच नाही, मग पोरं गार्ड काढतात आणि चाक तिरकं घालतात, आणि बोटं जातात ती तिथंच. यावर सरळ उपाय म्हणजे ग्राइंडरला १० मिमी रुंद सँडिंग बेल्टचा (घासायच्या पट्ट्याचा) आर्म लावायचा. तयार मिळतो, पण आपल्या कामाच्या अँगलचा हवा असेल तर उद्यमनगरात लेथ आणि ड्रिल असलेल्या कुठल्याही वर्कशॉपला होण्यासारखं काम हाय.

बनवणारे सगळे पहिल्यांदा आर्म किती अंश फिरतो हे बघतात. भावांनो, उलटं करा. हातातल्या मशीनला सतत थरथर असते, वर लोखंडाची धूळ, त्यामुळं नुसत्या घर्षणावर धरलेली कुठलीही गोष्ट कधी ना कधी सरकतेच. म्हणून आर्म जागेवर धरणारं लॉक आधी ठरवा: जोर घ्यायचा तो पिनेनं किंवा दात्यांनी, बोल्टनं फक्त खेळ (सैल हालणं) मारायचा. बाकी सगळं डिझाइन या एका गोष्टीवरून काढायचं.

आता मापं. बेल्ट १० × ३३० मिमीचा घ्या, कुठंही मिळतो. चालवणारी पुली ३५ मिमी, पुढचा रोलर म्हणून ६०८ नंबरचं बेअरिंगच लावा, त्याचा बाहेरचा व्यास २२ मिमी. हिशोब केला तर दोन्हीच्या सेंटरमधलं अंतर १२० मिमीच्या आसपास येतं. ग्राइंडर ११,००० आरपीएमचा असेल तर बेल्टचा स्पीड साधारण २० मीटर प्रति सेकंद आणि ते बारकं बेअरिंग फिरतंय १७,५०० आरपीएमनं, म्हणून तिथं पत्र्याच्या शिल्डचं झेडझेड घ्या, रबर सीलचं एवढ्या स्पीडला लई तापतं. पुली मोठी करून स्पीड वाढवायच्या नादाला लागू नका. स्पिंडलला एम १० आटे असतात, पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी पण असतो आणि १.२५ पण, त्यामुळं पुली कातायच्या आधी गेज लावून बघा.

ग्राइंडरच्या गिअर हेडला जिथं गार्ड बसतं ती मान व्हर्निअरनं मोजा, प्रत्येक मॉडेलला वेगळी असते. समजा ती ४० मिमी भरली. कामगारानं आर्मच्या टोकावर ५ किलोचा जोर दिला तर १२० मिमीचा हात २० मिमी त्रिज्येवर ६ पट होऊन मानेवर ३० किलोनं सरकवायला बघतो, आणि हे सरळ दाबताना, बेल्ट कुठं अडकला की झटका याच्या किती तरी वर. मान ॲल्युमिनियमची असते, क्लॅम्पचा ॲलन बोल्ट जीव खाऊन आवळला तर हाउसिंग चेपतं नाहीतर तडकतं. म्हणून बऱ्याच ग्राइंडरच्या मानेला गार्डसाठी जी खाच असते तिच्यात बसेल अशी छोटी चावी (उंचवटा) क्लॅम्पच्या आत काढा, म्हणजे क्लॅम्प गोल फिरायचा प्रश्नच मिटला.

क्लॅम्पवर ६ मिमी जाडीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, तिच्यावर ६० मिमी पीसीडीला (भोकांच्या सेंटरमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ५ मिमीची भोकं, १५-१५ अंशावर. दोन भोकांच्या मध्ये पावणेतीन मिमी माल उरतो, पुरेसा हाय. आर्मच्या बाजूला स्प्रिंगवाली पिन, टोकाला हलका टेपर (निमुळतेपणा) देऊन, कारण सरळ पिनेला भोकात शिरायला गॅप द्यावाच लागतो आणि तोच गॅप पुढं आर्मच्या टोकावर चौपट होऊन खडखडतो, टेपर असला की स्प्रिंग पिनेला आत ढकलत राहते, घासलं तरी खेळ येत नाही. पिन ईएन ८ पोलादाची, हार्ड करून. सोबत अर्धगोल खाचेत एक एम ६ स्टार नॉब. आणि भोकं पूर्ण वर्तुळभर पाडू नका! ज्या अँगलला बेल्ट हँडल धरलेल्या हाताकडं येतो तिथं भोकच ठेवू नका, सूचना लिहून चिकटवण्यापेक्षा हे खात्रीचं.

आर्म दोन भागांचा, चौकोनी पाइपात सरकणारी पट्टी आणि मागं कॉम्प्रेशन स्प्रिंग. १० मिमी मागं गेली की बेल्टला २० मिमी ढिल मिळते, बदलायला तेवढी बास. सरकत्या भागात ०.२ मिमी गॅप ठेवा आणि ग्रीस अजिबात लावू नका, ग्रीस धूळ धरून ठेवतं आणि पट्टी जाम होते, कोरडी ग्रॅफाइट पावडर चालते. बेल्ट मधे चालावा म्हणून पुलीला अर्धा मिमी फुगवटा द्या आणि पुढच्या रोलरला किंचित तिरकं करणारा एम ५ स्क्रू, डोक्याखाली स्प्रिंग घालून. याचा पिच ०.८, म्हणजे पाव फेऱ्यात ०.२ मिमी, बेल्ट जागेवर यायला तेवढंच लागतं. ट्रॅकिंग (बेल्ट मधे चालतो का ते) पहिलं प्लग काढून हातानं फिरवून बघायचं, मग एक क्षण चालू-बंद.

स्पीड कमी करायला काहीजण फॅनचा रेग्युलेटर जोडतात, ते नको. लोड आला की आरपीएम पडतो, कूलिंगचा पंखा त्याच शाफ्टवर असल्यानं हवा पण कमी, मोटर जळते. हुपरीच्या चांदीच्या कामासारखं बफिंग करायचं असेल तर लोडखाली स्पीड धरून ठेवणारं इलेक्ट्रॉनिक असलेलं मशीनच घ्या.

आणखी एक, ऑर्बिटल सँडरमध्ये (ज्याचा पॅड बारक्या गोलात फिरून घासतो) हात घालून ५ मिमी ऑर्बिटचा (त्या गोलाचा व्यास) २.५ करायचा किंवा १२५ च्या जागी १५० मिमी पॅड बसवायचा विचार करत असाल तर आतलं काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) त्याच पॅडच्या वजनाला जुळवलेलं असतं हे ध्यानात घ्या. ५ मिमी ऑर्बिट, १२,००० आरपीएमला नुसतं २० ग्रॅम जादा वजन म्हणजे ८ किलोचा धक्का, सेकंदाला २०० वेळा गोल फिरत, मनगटावर. ऑर्बिट बदलायचा तर काउंटरवेट पण बदललं पाहिजे, म्हणजे ते ॲडजस्टमेंट नव्हे, दुसरं मशीनच.

आर्म जोडताना गार्ड निघालेलं असतं, परत चाक लावायचं तर आधी गार्ड, मग चाक. हे मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला तोंडानं सांगा.

शेवटी टेस्ट. सगळे बोल्ट आणि त्याखालच्या प्लेटवर मार्करनं एक सलग रेघ ओढा, चष्मा घालून १० मिनिटं भंगार कास्टिंगवर चालवा, प्लग काढून रेघा बघा. स्टार नॉबची रेघ तुटली असली तर नॉब जोर घेतोय, पिन घेत नाही असं समजा. तिथं जादा आवळून उपयोग नाही, पिन काढून बघा, बहुतेक वेळा टेपर भोकात बसायच्या आधीच पिनेचा खांदा प्लेटला टेकलेला असतो, तो अर्धा मिमी कातून घ्या.