डुटवाइलरच्या पद्धतीने कोकणातल्या वाड्यांसाठी फिरते किराणा दुकान कसे चालवावे

झुरिचचे गोटलीब डुटवाइलर (1888–1962) यांची व्यापारी पेढी पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत बुडाली. त्यानंतर ब्राझीलमध्ये शेतीचा प्रयोग करून ते परतले आणि 1925च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पाच फोर्ड गाड्यांवर ‘मिग्रो’ हा व्यवसाय सुरू केला. गाड्यांवर कॉफी, तांदूळ, साखर, शेवया-मॅकरोनीसारखे पदार्थ, नारळाचे तूप आणि साबण असे सहाच जिन्नस होते. देवगड, राजापूर किंवा गुहागर तालुक्यात टेम्पो घेऊन हा धंदा करू पाहणाऱ्याने त्यांच्याकडून पहिली गोष्ट घ्यावी ती हीच, की माल मोजका असावा आणि तो झटपट खपावा.

मात्र त्यांची यादी जशीच्या तशी उचलू नये. ज्या वाडीत घरोघरी भातशेती आहे, तिथे तांदूळ पडून राहील. त्याऐवजी साखर, चहापूड, तूरडाळ, गोडेतेल, कांदे-बटाटे आणि साबण ठेवावेत. साबण चहापुडीजवळ मुळीच ठेवू नये, कारण पावसाळ्यात ताडपत्री बंद असताना साबणाचा वास चहाला लागतो आणि ते गिऱ्हाईक पुन्हा गाडीकडे फिरकत नाही.

डुटवाइलर यांची खरी हुशारी पुड्यांत होती. किंमत सरळ आकड्यात ठेवायची आणि त्या किमतीला बसेल तेवढे वजन भरायचे, म्हणजे सुट्या पैशांचा घोळ होत नाही आणि गाडी लवकर पुढे निघते. समजा, तूरडाळीचा तुमचा विक्रीदर किलोला 130 रुपये आहे. तर 50 रुपयांच्या पुड्यात 385 ग्रॅम डाळ भरावी आणि दर 140 झाला की 357 ग्रॅम. वजन घटवल्याचे तोंडानेही सांगावे, नाहीतर लोक त्याला मापात पाप म्हणतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही. पुड्यावर निव्वळ वजन, किंमत, बांधणीची तारीख आणि आपले नाव-पत्ता छापावा. काटा वैधमापन विभागाकडून तपासून घ्यावा आणि अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी आधीच करावी.

झुरिचमध्ये गाड्यांचे थांबे ठरलेले होते आणि पै-पैचा हिशेब करणाऱ्या गृहिणींसाठी पत्रकेही वाटली होती. आपल्याकडे वाडी वर आणि रस्ता खाली असतो. म्हाताऱ्या माणसाला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून यायला वेळ लागतो. म्हणून गाडी पाखाडीच्या तोंडाशी, ठरल्या वारी, ठरल्या वेळी उभी राहिली पाहिजे. मासळीवालीची वेळ साधली तर उत्तम, कारण तेव्हा बायका पैसे घेऊनच खाली आलेल्या असतात.

गाडीवर उधारी ठेवू नये. काजू-आंब्याचे पैसे हाती येईपर्यंत थांबणे गावातल्या दुकानदाराला परवडते, कारण वसुली कोणाकडून होईल हे त्याला ठाऊक असते. त्याच्याशी वैर तर घेऊच नये. डुटवाइलर यांना प्रस्थापित दुकानदारांनी इतका विरोध केला, की 1933 साली स्वित्झर्लंडमध्ये नव्या शाखा उघडण्यावर बंदी आली आणि ती 1945 पर्यंत टिकली. पुरवठादारांनी माल नाकारला तेव्हा त्यांनी स्वतःचे उत्पादन सुरू केले. एका टेम्पोच्या मालकाला ती वाट मोकळी नसते, त्यामुळे घाऊक व्यापारी सुरुवातीपासूनच दोन ठेवावेत.

कांद्याची मोठी खरेदी मे महिन्यात, पावसाळ्याच्या बेगमीच्या वेळी करावी, आणि गणपतीत चाकरमानी आले की साखर व तेल दुप्पट भरून फेऱ्या वाढवाव्यात.