युनोची गोष्ट सांगायला खेड्यात निघालात? मग या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. २४ तारखेला संयुक्त राष्ट्र दिन असतो, आणि कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या एनएसएसवाल्यांना आयत्या वेळी आठवतं की खेड्यात जाऊन ‘जागतिक विकास आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य’ यावर जनजागृती करायची आहे. “मॅडम, तुमचं पीपीटी मिळेल का?” नाही मिळणार. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात पंधरा वर्षं हेच करतेय, आणि तयार पीपीटी घेऊन गेलेला एकही कार्यक्रम धड झालेला मी पाहिलेला नाही. खाली ज्या चुका लिहिल्यात, त्यातल्या बहुतेक आधी मी स्वतः केल्यात.

सतरा चौकोनांचा फ्लेक्स

हा सगळ्यांचा लाडका. १९३ देशांनी सप्टेंबर २०१५ मध्ये मान्य केलेली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं, त्यांच्या पोटात १६९ लक्ष्यं, मुदत २०३०. देवळाच्या कट्ट्याला फ्लेक्स बांधायचा आणि एकेक चौकोन वाचत सुटायचं. सगळे वाचायला चाळीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून बघितलंय. पाचव्या चौकोनाला बायका धारा काढायला उठतात. फ्लेक्स पुढे कुणाच्या तरी गवताच्या गंजीवर जातो, तेवढाच त्याचा उपयोग.

एक चौकोन घ्या. मी सहावा घेते, पाण्याचा. पाण्यावर बोलायला काही नाही असा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय.

आणि भाषा. मराठी फ्लेक्सवर ‘शाश्वत विकास’, कन्नडमध्ये ‘सुस्थिर अभिवृद्धी’. दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात दोन्ही शब्द सारखेच परके. “बियाणं खाऊन न टाकता पोट भरायचं” असं म्हटलं की दोन्हीकडची मान हलते.

समोर कोण बसलंय, हे न बघता बोलणं

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण ही चूक मला अजून टोचते.

निपाणीजवळचं एक गाव. आरोग्याचा विषय म्हणून मी तंबाखूवर बोलायला गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००३ मध्ये मंजूर झाला, भारताने २००४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, २७ फेब्रुवारी २००५ पासून तो लागू झाला. आज त्यात १८० हून जास्त देश आहेत. सगळं तोंडपाठ होतं. काळ्या पडलेल्या फुफ्फुसांची चित्रंही नेली होती.

समोर पंचवीस-तीस बायका होत्या आणि निम्म्यांच्या मांडीवर सूप. सुपात कापलेली पानं, तंबाखूचा ढीग, दोऱ्याचं रीळ. मजुरी हजार विड्यांवर मिळते, भाषणासाठी हात कोण थांबवणार? मी बोलत होते आणि त्या वळत होत्या. मला ते दिसत होतं, तरी डोक्यात शिरत नव्हतं. ज्या भागात १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली, तिथे मी तंबाखू वाईट असते हे शिकवायला गेले होते.

मागच्या ओळीतल्या एका आजींनी विडीचं तोंड नखानं दुमडता दुमडता विचारलं, “बाई, तुमचं खरं असंल. पण विडी बंद झाली तर आमची चूल युनो पेटवणार काय?”

मी म्हटलं, शेवटी आरोग्य महत्त्वाचं. हे उत्तर नव्हे, हे बोलता बोलताच मला कळलं. त्या हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. खाली बघून पुढचं पान उचललं. खराब विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतात, तसं माझं भाषण छाट निघालं.

लाज याची की उत्तर त्याच करारात होतं. कलम १७. तंबाखूवर पोट असलेल्या कामगारांना आणि शेतकऱ्यांना परवडतील असे दुसरे धंदे मिळावेत म्हणून सगळ्या देशांनी एकमेकांच्या साथीने प्रयत्न करावेत, असं त्यात म्हटलंय. मी करार वाचलाच नव्हता. करारावरचं चार पानी पत्रक वाचून वक्ता झाले होते. (हल्ली तर पत्रकही कुणी वाचत नाही, मोबाईलवर आलेला सारांश वाचतात.)

पुढच्या खेपेला ते कलम मराठीत आणि कन्नडमध्ये हाताने लिहून नेलं. त्यात ‘योग्य असेल त्याप्रमाणे’ अशी एक पळवाट आहे, तीही लपवली नाही. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग हे मागायचं कुणाकडं?” त्या दिवशी दीड तास त्या एका प्रश्नावर गेला. ग्रामसभेत पीडीओंपुढे (म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांपुढे) काय मांडायचं, कामगार खात्याला अर्ज कसा करायचा, आमदाराला कुठे गाठायचं. हात तेव्हाही चालूच होते, पण मधूनमधून थांबत होते.

तेव्हापासून एक सवय लागली. निघण्याआधी गावातल्या कुणाला तरी फोन करते आणि एवढंच विचारते: तुमच्याकडे लोकांचं पोट कशावर आहे? मग त्या धंद्याची जगाशी गाठ कुठे पडते ते शोधते. ऊसपट्ट्यात तर शोधावंही लागत नाही. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला हे देश जागतिक व्यापार संघटनेत भारताविरुद्ध गेले. तक्रारीत आपली एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरोधात लागला आणि भारताने अपील केलं. चिक्कोडीकडे “तुमच्या एफआरपीवर ब्राझीलने केस घातली होती” एवढं म्हणा, मागे उभे असलेले पुढे येऊन बसतात.

आपला हात कायम खाली

खानापूरकडच्या एका शिबिरात एका पोराने स्लाइड लावली: ‘विकसित देश मदत देतात, विकसनशील देश मदत घेतात.’ कोपऱ्यात एक निवृत्त एएनएम, म्हणजे खेड्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. “आम्ही दिलं की वो! गोळ्यांच्या अभ्यासात मी होते.”

पोराला काही कळेना. त्याला कळलं नाही ते इथे लिहिते, कारण बेळगावात राहूनही हे फार थोड्यांना माहीत आहे. २००२ ते २००५ या काळात जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकी विद्यापीठांबरोबर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एक अभ्यास केला. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, म्हणजे बाई हातची जाण्याचं मोठं कारण. तो थांबवणारं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचं तसं नाही. १६२० बाळंतिणी. काहींना खऱ्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. देणाऱ्या आपल्या एएनएम. रक्त किती गेलं हे नुसत्या नजरेने ठरवायचं नाही म्हणून बाळंतिणीखाली घालायची प्लॅस्टिकची चादर बनवली, खाली पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्के होतं, गोळीने ते ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले, त्यातही रक्त मोजायला खुणांचीच चादर होती.

त्या बाईंनी टेबलावरची प्लॅस्टिकची शीट ओढली, तिची एक कड दुमडून पिशवी केली आणि बोटाने दाखवलं: “इथपर्यंत आलं की पळायचं.” अर्धा तास कुणी मोबाईल काढला नाही. त्या पोराची स्लाइड मागे भिंतीवर तशीच होती.

तुमच्याही सभेत अशी कुणीतरी बसलेली असते. भाषण लवकर आटपा आणि तिला बोलू द्या. उतावळ्या स्वयंसेवकांना नेमकं हेच जमत नाही, त्यांना पीपीटीची शेवटची स्लाइड गाठायची असते.

‘जागतिक बँकेने पैसे दिले’

दिले नाहीत, कर्ज दिलं. बेळगावच्या काही भागांत २००८ पासून २४ तास पाणी आलं, ते जागतिक बँकेच्या कर्जावरच्या योजनेतून, आणि पुढे सगळ्या शहरासाठी आलेली योजनाही तशीच. हप्ता फेडायचा असतो, म्हणून तर मीटर आणि बिल. हे आधी सांगितलं नाही की लोक “फुकट आलेल्या पाण्याला बिल कसलं?” म्हणून तुम्हालाच धरतात. कन्नड बोलणाऱ्यांपुढे ‘साल’ म्हणा, मराठीपुढे ‘कर्ज’. ‘साहाय्य’ हा गुळगुळीत शब्द दोन्हीकडे टाळा.

बारीकसारीक

‘वसुधैव कुटुंबकम्’ने सुरुवात करू नका, प्रमुख पाहुणे तेच म्हणणार आहेत. प्रमुख पाहुणेही शक्यतो बोलावू नका.

हाडं दिसणाऱ्या आफ्रिकी मुलांचे फोटो लावू नका. बघणाऱ्याला आपण बरे आहोत असं वाटतं आणि तो घरी जातो.

मोठे आकडे दर हजारी करून सांगा. ‘लाखो बालमृत्यू टळले’ हवेत जातं. ‘१९९० मध्ये जगात हजारातली ९३ मुलं पाचव्या वर्षाआधी जायची, २०२२ मध्ये ३७’ हे अंगणवाडीच्या बाई लगेच स्वतःच्या रजिस्टरशी ताडून बघतात.

ऊसतोडीच्या दिवसांत कार्यक्रम ठेवू नका. प्रश्नमंजूषा घेतलीत तर प्रमाणपत्रं वाटू नका, दुसऱ्या दिवशी ज्यांना मिळालं नाही त्यांचे पालक येतात.

तो एक प्रश्न

सीमाभागात एक प्रश्न ठरलेला असतो. कुठेही जा, शेवटी एखादे आजोबा उठून विचारतात: “एवढं सगळं करते तुमची युनो, मग आमचा सीमाप्रश्न का नाही सोडवत?” पोरं इथे घाबरतात, आयोजकांकडे बघतात, राष्ट्रगीत सुरू करतात. गडबडू नका. युनोच्या सनदेत कलम २(७) आहे: देशाच्या अंतर्गत कारभारात युनोने पडायचं नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांमधला वाद हा देशातला मामला, आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोण बरोबर, कोण चूक यावर एक अक्षर बोलायचं नाही, कलम तेवढं सांगायचं.

मागच्या वर्षी एका गावात मी हे सांगितलं. आजोबांनी काठी टेकवत नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे फिरून कोर्टातच की.”

“होय, आजोबा.”

“मग चहा घ्या,” म्हणाले, आणि बसले.