स्पॉट फोरकास्ट मागताना या चुका टाळा

अमेरिकेत वणवा विझवायला निघालेल्या किंवा ठरवून गवत-झुडपं जाळणाऱ्या दलाला आपल्या जागेपुरता हवामानाचा अंदाज, म्हणजेच स्पॉट फोरकास्ट, मागवता येतो. नॅशनल वेदर सर्व्हिस या तिथल्या सरकारी हवामान खात्याच्या स्पॉट पानावर जायचं, नकाशात जागा दाखवायची आणि अर्ज भरायचा. त्या भागाच्या कार्यालयातला हवामानतज्ज्ञ पुढच्या साधारण 24 ते 36 तासांचा अंदाज त्या उतारासाठी वेगळा लिहून देतो. देशभरात अशी 122 कार्यालयं आहेत. टीव्हीवरचा अंदाज अख्ख्या परगण्याचा असतो, हा तुमच्या डोंगराचा.

पण तो तज्ज्ञ तुमचा डोंगर बघत नसतो. त्याच्यासमोर उपग्रहाची चित्रं असतात, आसपासच्या केंद्रांच्या नोंदी असतात आणि अडीच-अडीच किलोमीटरच्या चौकटींत मांडलेला डिजिटल अंदाज असतो. अशा एका चौकटीत नदीचं पात्रही येतं आणि वरचा कडाही. तिच्यातून तुमचा उतार वेगळा काढायला लागणारी माहिती फक्त तुमच्या अर्जातून मिळते. म्हणून अंदाज चुकला असं वाटलं तर आधी आपण पाठवलेला अर्ज पुन्हा वाचावा. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

जागा लिहिताना

सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक अक्षांश-रेखांशांची आहे. जीपीएसवर 39 अंश 34 मिनिटं दिसतं आणि अर्जात 39.34 लिहिलं जातं. 34 मिनिटं म्हणजे अंशाचे 0.57, त्यामुळे खरा आकडा 39.57 हवा. या एका घाईने जागा सुमारे 25 किलोमीटर दक्षिणेला सरकते. डोंगराळ मुलखात तेवढ्या अंतरावर खोरं बदलतं आणि वाऱ्याची दिशाही बदलते. अमेरिकेतला रेखांश पश्चिमेचा असल्यामुळे दशांशात लिहिताना आधी उणे चिन्ह लागतं, तेही सुटतं. उपाय सोपा आहे: आकडे भरल्यावर नकाशावरची खूण मोठी करून बघा. तुमचा रस्ता, तुमचा ओढा तिथे दिसतो का?

एककांकडेही लक्ष हवं. भारतात शिकलेल्या माणसाचा हात सहज मीटर आणि सेल्सिअसकडे वळतो. इथे उंची फुटांत, तापमान फॅरनहाइटमध्ये, वारा ताशी मैलांत आणि क्षेत्र एकरांत चालतं.

उंचीच्या रकान्यात पायथा आणि माथा दोन्ही विचारतात, आणि पुष्कळजण गाडी जिथे उभी केली तिथली एकच उंची टाकून मोकळे होतात. दुपारच्या कोरड्या, चांगल्या घुसळलेल्या हवेत दर 1000 फुटांना तापमान सुमारे साडेपाच अंश फॅरनहाइटने बदलतं. शिवाय तापमान 20 अंश फॅरनहाइटने वाढलं की सापेक्ष आर्द्रता ढोबळमानाने निम्मी होते. म्हणजे माथ्यासाठी काढलेला अंदाज पायथ्याच्या गवताला लावला, तर आर्द्रतेचा आकडा तुमच्या जाळण्याच्या योजनेत ठरवलेल्या मर्यादेत दिसेल आणि प्रत्यक्ष गवत त्याहून कोरड्या हवेत उभं असेल. उतार कोणत्या दिशेला तोंड करून आहे हेही लिहा. अमेरिकेत दक्षिणेकडचे आणि नैर्ऋत्येकडचे उतार दुपारी सर्वांत जास्त तापतात, उत्तरेकडचे उशिरा सुकतात. जागा अरुंद घळीत असेल तर तसं शेऱ्यात नक्की सांगा. घळीतला वारा आपल्याच वाटेने वाहतो आणि नकाशाच्या चौकटीत तो दिसत नाही.

निरीक्षणाचा रकाना रिकामा सोडणं

माझ्या मते अख्ख्या अर्जात सर्वांत मोलाचा रकाना हाच आहे आणि घाईत सोडला जातो तोही हाच. जागेवर घेतलेलं तापमान, आर्द्रता आणि वारा मिळाला की तज्ज्ञ आपल्या संगणकी मॉडेलचा आकडा त्याच्याशी ताडून बघतो. मॉडेल म्हणतं आर्द्रता 30 टक्के, तुम्ही लिहिता 21. आता त्याला कळतं की तुमची जागा जास्त कोरडी आहे आणि दुपारचा आकडाही तसाच खाली आणायला हवा. रकाना रिकामा असेल तर त्याला जवळच्या स्वयंचलित केंद्रावर विसंबावं लागतं. ते केंद्र बऱ्याचदा दुसऱ्या खोऱ्यात, दुसऱ्या उंचीवर असतं.

नियोजित जाळ असेल तर आदल्या दिवशीच जागेवर जाऊन, ज्या वेळेला पेटवणार आहात त्याच वेळेला नोंदी घ्या. दुपारी एकला काडी लावायची असेल तर सकाळी आठची नोंद फारशी कामाची नाही. सकाळी खोऱ्यात थंड हवेचा थर बसलेला असतो. तो फुटला की वरचा वारा खाली उतरतो आणि तासाभरात चित्र पालटतं.

नोंदी घेण्यातही चुका होतात. तापमापक उन्हात धरला जातो. तापलेल्या रस्त्यावर किंवा नुकत्याच जळलेल्या काळ्या जमिनीवर उभं राहून मोजलं जातं. गोफणीसारखा फिरवायचा ओला-कोरडा तापमापक असेल तर त्याची वात मळकी असते किंवा तिला साधं क्षारयुक्त पाणी लावलेलं असतं. मग ओला आकडा वर राहतो आणि आर्द्रता खरी असते त्याहून जास्त दिसते. ही चूक धोक्याच्या बाजूला नेणारी आहे, म्हणून वात स्वच्छ आणि पाणी डिस्टिल्डच हवं. आर्द्रतेचा तक्ताही आपल्या उंचीचाच बघा, कारण हवेच्या दाबाप्रमाणे तक्ते वेगळे असतात.

हातातल्या यंत्रावर वाऱ्याचा सर्वांत मोठा आकडा ठळक दिसतो आणि तोच 'वारा' म्हणून अर्जात जातो. सरासरी वेगळी लिहा, झोत वेगळा लिहा. दिशा लिहिताना वारा कुठून येतो ते लिहायचं, धूर कुठे जातो ते नाही. प्रत्येक नोंदीसोबत वेळ, जागा आणि उंची हवी.

20 फुटांवरचा वारा ज्वाळेला लावणं

स्पॉट फोरकास्टमध्ये वारा सहसा 20 फुटांवरचा देतात, म्हणजे झाडोऱ्याच्या माथ्यापासून 20 फूट वरचा. जमिनीवर तो तेवढा लागत नाही. उघड्या गवतात ज्वाळेच्या उंचीवर त्याचा साधारण 0.4 भाग पोहोचतो, दाट झाडीखाली जेमतेम 0.1. म्हणजे अंदाजात ताशी 15 मैल असेल तर उघड्या कुरणात सुमारे 6 मैल आणि गर्द पाइन वृक्षांखाली दीड मैल.

इथे दोन उलट्या चुका होतात. काहीजण 15 वाचून घाबरतात आणि चांगला दिवस वाया घालवतात. काहीजण झाडीखाली हातातल्या यंत्रावर 2 मैल बघतात, अंदाज फुगवलेला होता असं समजतात आणि पुढे सरकतात. मग झाडी संपून मोकळं कुरण लागतं, वारा तोच असतो, पण आग दुप्पट-तिप्पट वेगाने धावायला लागते. अर्जात झाडांचा आडोसा पूर्ण, अर्धवट की अजिबात नाही हे विचारतात ते यासाठीच. जाळायच्या क्षेत्रात दोन्ही प्रकार असतील तर शेऱ्यात तसं लिहा. तुम्हाला डोळ्यांच्या उंचीवरचा वारा हवा असेल तर तो स्पष्ट मागा.

जाता जाता धुराचं सांगतो. धूर किती वर चढेल हे मिक्सिंग हाइटवरून, म्हणजे हवा जिथपर्यंत घुसळली जाते त्या उंचीवरून, आणि तो कुठे वाहील हे ट्रान्सपोर्ट विंडवरून, म्हणजे त्या थरातल्या सरासरी वाऱ्यावरून ठरतं. या दोन्ही गोष्टी अर्जात निवडाव्या लागतात. जवळ महामार्ग, शाळा किंवा रुग्णालय असेल आणि या खुणा केल्या नसतील, तर आग आटोक्यात राहूनही लोकांना त्रास होईल. दिवसाइतकीच रात्रीची माहिती मागा. संध्याकाळी हवा थंड झाली की उरलेला धूर उताराने खाली घरंगळतो आणि सखल रस्त्यावर साचतो.

अर्ज पाठवला, पण उत्तर आलं नाही

आधी पानावरच्या नकाशात आपल्या विनंतीची स्थिती बघा. ती दिसतच नसेल तर अर्ज गेलेला नाही, बहुधा एखादा आवश्यक रकाना राहिला आहे. दिसत असूनही वेळ जात असेल तर सरळ त्या कार्यालयाला फोन करा. बहुतेक कार्यालयांत चोवीस तास माणूस असतो. एकाच वेळी तीन वणवे पेटले असतील तर त्यांचं काम आधी होणार आणि तुमचा नियोजित जाळ मागे राहणार, हे योग्यच आहे. म्हणून नियोजित जाळाची विनंती आदल्या दिवशी करा आणि अंदाज किती वाजेपर्यंत हवा ते नीट भरा.

फोन नंबर असा द्या जो त्या वेळी उचलला जाईल. जाळायच्या जागी पुष्कळदा मोबाइलला रेंज नसते. तज्ज्ञाला काही विचारायचं असतं किंवा वादळी ढग तयार होताना दिसल्यामुळे तातडीने कळवायचं असतं, आणि फोन डोंगराखाली गाडीत पडलेला असतो. डिस्पॅचचा, म्हणजे दलांशी रेडिओवर संपर्क ठेवणाऱ्या नियंत्रण कक्षाचा, नंबर सोबत द्या.

अंदाज आला, पण दलापर्यंत पोहोचला नाही

ही चूक अर्जातली नाही, पण इतकी जीवघेणी आहे की तिच्यावर थांबायलाच हवं. कोलोरॅडोत ग्लेनवुड स्प्रिंग्जजवळच्या स्टॉर्म किंग डोंगरावर 6 जुलै 1994 रोजी साउथ कॅन्यनच्या वणव्यात 14 अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्या दुपारी कोरडी शीत सीमा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, आली, वारा एकदम वाढला आणि आग उताराने वर धावली. शीत सीमा येणार हे हवामान कार्यालयाला माहीत होतं, इशाराही निघाला होता. उतारावर काम करणाऱ्या दलांपर्यंत तो पोहोचला नाही.

म्हणून अंदाज फक्त प्रमुखाच्या फोनमध्ये ठेवू नका. सकाळच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, रेडिओवर वाचा, समोरच्याने ऐकून परत म्हणून दाखवू दे. दर तासाला एकाने नोंदी घ्याव्यात आणि त्या अंदाजाशी ताडाव्यात. आर्द्रता किती खाली गेली किंवा वारा किती वाढला की काम थांबवून नवा अंदाज मागायचा, ते आकडे आधीच ठरलेले असावेत. सकाळचा अंदाज दुपारी जुळत नाही असं दिसूनही पुन्हा विचारायला लोक संकोचतात. संकोच नको. तुमचा फोन ही त्या तज्ज्ञासाठीही महत्त्वाची खबर असते.

फक्त पेटवण्याच्या दिवसाचं हवामान बघणं

स्पॉट फोरकास्ट दीड दिवसात संपतो, आग संपत नाही. न्यू मेक्सिकोतल्या बँडेलियर राष्ट्रीय स्मारकात 4 मे 2000 च्या संध्याकाळी सेरो ग्रांदे इथे नियोजित जाळ सुरू झाला. 7 मे रोजी जोराच्या वाऱ्याने आग हद्दीबाहेर गेली आणि 10 तारखेला लॉस अलामोस शहरात शिरली. 200 हून जास्त घरं जळाली.

त्याच राज्यात जानेवारी 2022 मध्ये काफ कॅन्यन भागात फांद्यांचे ढीग जाळले होते. ते हिमवर्षावातही आतून धुमसत राहिले आणि एप्रिलच्या वाऱ्यात पुन्हा पेटले. 6 एप्रिलला लास डिस्पेन्सासच्या नियोजित जाळातून सुटलेली हर्मिट्स पीकची आग त्याला येऊन मिळाली. शेवटी 3 लाख 41 हजार एकरांहून जास्त जमीन होरपळली. त्या राज्याच्या नोंदींत इतका मोठा वणवा दुसरा नाही.

लास डिस्पेन्सासबद्दल वनसेवेच्या चौकशीत निघालेली गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज योजनेच्या मर्यादेत बसत होता. इंधन, म्हणजे जळणारं गवत-लाकूड, मात्र समजलं होतं त्याहून फार कोरडं होतं, कारण मागे मोठा दुष्काळ होता. स्पॉट फोरकास्ट हवेबद्दल बोलतो. गवतात, काटक्यांत आणि जाड ओंडक्यांत किती ओल उरली आहे हे तुम्हालाच मोजावं लागतं. अंदाज हाती आला म्हणजे पेटवायची परवानगी मिळाली, असं नाही.

विनंती करताना पुढच्या तीन ते सात दिवसांचा वाऱ्याचा कल शेऱ्यात मागून घ्या. तो मोघम असेल, तरी चौथ्या दिवशी शीत सीमा येतेय एवढं कळलं तरी पेटवायचं की नाही हे ठरवता येतं. आणि धुमसणं संपेपर्यंत मोठ्या वाऱ्याच्या प्रत्येक दिवसाआधी नवा अंदाज मागवा.

खासगी जमीन असेल तर

अमेरिकेत शेतजमीन किंवा कुरण घेतलेल्या मराठी कुटुंबांनी हे आधीच समजून घ्यावं. ही सेवा मुख्यतः सरकारी अग्निशमन आणि भूव्यवस्थापन यंत्रणांसाठी आहे. खासगी मालकाला स्पॉट मिळतो की नाही हे राज्याप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे बदलतं, म्हणून आधी राज्याच्या वनखात्याकडे विचारा. जाळायचा परवानाही बऱ्याच ठिकाणी तिथूनच मिळतो. दुसऱ्याच्या नावाने अर्ज भरू नका. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर आपल्या जागेवर क्लिक केलं की तासागणिक आलेख मिळतो, आणि त्यात मिक्सिंग हाइट, ट्रान्सपोर्ट विंड यांसारखे घटकही निवडता येतात. रेड फ्लॅग वॉर्निंग, म्हणजे आग झपाट्याने पसरेल अशा हवेचा इशारा, लागू असेल तर त्या दिवशी काडी लावायचीच नाही.

महाराष्ट्रात उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे, जाळणाऱ्या वनरक्षकांनाही उतार, सकाळचा थंड थर, दुपारचा वारा हेच प्रश्न पडतात. तिथे भारतीय वन सर्वेक्षणाचे मोबाइलवर येणारे इशारे उपयोगी आहेत, पण ते उपग्रहाला दिसलेल्या, म्हणजे आधीच लागलेल्या आगीचे असतात. काडी लावण्यापूर्वी विचारायचे प्रश्न त्यांत नसतात. जागेवर नोंदी घेऊन वही ठेवण्याची सवय तिथेही तितकीच कामाची.

काम संपल्यावर गप्प बसणं

जाळ पूर्ण झाला की सगळे दमलेले असतात आणि दिवसभराच्या नोंदी वहीतच राहतात. त्या तज्ज्ञाला पाठवा. अंदाजात आर्द्रता 28 होती आणि तीन वाजता तुम्हाला 22 मिळाली, वारा सांगितला त्यापेक्षा एक तास आधी वळला, असं नेमकं लिहा. अंदाज बरोबर आला असेल तर तेही कळवा. त्या खोऱ्यात केंद्र नसेल तर तिथली हवा कशी वागते हे जाणून घ्यायला त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो, आणि पुढच्या वेळी त्याच घळीचा अर्ज आला की तो याच नोंदी काढून बसतो.