नारळावरील कोळी: खाण्याची जागा ओळखून करावयाचा बंदोबस्त

काढणीला आलेल्या नारळावर भेगाळलेले तपकिरी व्रण दिसले की कोकणातील बागायतदार फवारणीची तयारी करतात. परंतु त्या नारळाचे नुकसान काही महिन्यांपूर्वीच होऊन गेलेले असते, म्हणून पाहणी कोवळ्या फळांपासून करावी.

हे व्रण करणारा इरिओफिड कोळी हा जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा, दुधाळ रंगाचा, अळीसारखा दिसणारा आणि चारच पायांचा जीव आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९९८ मध्ये केरळात झाली. त्याची तोंडाची सुई इतकी आखूड असते की राठ सालीवर तिचे काही चालत नाही; त्यामुळे देठालगतच्या टोपीखाली, जिथे फळाची वाढ चालू असते त्या पांढऱ्या, कोवळ्या भागातच तो रस शोषतो. फळ धरण्यापूर्वी टोपीच्या पाकळ्या घट्ट मिटलेल्या असतात, फळ धरल्यावर फट पडते आणि वाऱ्याबरोबर आलेले कोळी आत शिरतात. तिथे आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. शोषलेला भाग फळ वाढेल तसा टोपीबाहेर सरकतो. आधी पांढुरका त्रिकोण, मग तपकिरी डाग आणि शेवटी भेगा दिसतात. असा नारळ लहान राहतो आणि त्याचे सोडण, म्हणजे बाहेरची काथ्याची साल, सोलताना हाताला घाम फुटतो.

खात्री करण्यासाठी पाडेल्याकडून (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून) दोन-तीन महिन्यांचे एखादे फळ उतरवून घ्यावे, चाकूच्या टोकाने टोपीच्या पाकळ्या एकेक करून उचकटाव्यात आणि दहापट भिंगातून उन्हात पाहावे. पिठी सांडावी तसे दिसणारे कण सरकू लागले, तर तोच कोळी समजावा. त्यांच्यात एखादा मोठा, चपटा, चपळ कोळी फिरताना दिसला, तर तो या कोळ्यांना खाणारा मित्र आहे; त्याच्यासाठी तरी जहाल कीटकनाशके टाळावीत, असे मला मनापासून वाटते.

फवारणीसाठी पन्नास ग्रॅम साबण कोमट पाण्यात विरघळवून त्यात २०० मिलिलिटर कडुनिंबाचे तेल घोटावे, २०० ग्रॅम लसूण वाटून त्याचा गाळलेला रस मिसळावा आणि एकूण मिश्रण १० लिटर करून त्याच दिवशी वापरावे. झावळ्यांवर फवारून उपयोग नाही. दोन ते पाच-सहा महिन्यांच्या पेंडींवर (नारळांच्या घडांवर), टोपीच्या कडेने द्रावण आत झिरपेल असे बारीक तुषार सोडावेत. नुकत्याच उमललेल्या फुलोऱ्यावर मधमाश्या येतात, तो वगळावा. पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात आणि पुन्हा उन्हाळ्यात अशा वर्षातून तीन फवारण्या कराव्यात. गळून पडलेली कीडग्रस्त बोंडे वेचून जाळून टाकावीत.