एकाच घरात दोन सिलिॲक: मुलाचा वेगळा, आईचा वेगळा

माझ्या धाकट्याला साडेचार वर्षांचा असताना सिलिॲक, म्हणजे गव्हाच्या ग्लूटेननं आतडं खराब होण्याचा आजार, निघाला आणि तीन महिन्यांनी मलाही. मी तेव्हा 38 ची. त्याचं पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या, शी पातळ आणि घाण वासाची, वजन वर्षभर 12 किलोवर अडकलेलं. शिवाय दिवसभर किरकिर. मला यातलं काही म्हणजे काही नव्हतं. जुलाब सोडाच, उलट पोट साफ व्हायचं नाही. अंगानं बरी जाडच होते. फक्त हिमोग्लोबिन काही केल्या 8 च्या वर जाईना. लोहाच्या गोळ्यांचे डबे संपले, 'बायकांना असतंच हो' हे ऐकून कान किटले. सारखं तोंड येणं, पाठीची हाडं दुखणं हे तर मी कधी डॉक्टरांना सांगितलंही नाही.

दुखणं एकच. गहू, सातू (जव) आणि राय यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं आणि आतलं मखमलीसारखं अस्तर झिजून सपाट होतं. मूल वाढत असतं, त्यामुळे अन्न अंगी लागेना की उंची-वजन लगेच बोलतं. मोठ्या माणसाची वाढ झालेली असते, म्हणून शरीर साठ्यावर हात मारतं: आधी लोह, मग हाडांतलं कॅल्शियम. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीला, आणि नासधूस तिथेच जास्त. माझ्या गोळ्या वाया जात होत्या त्या अशा. काही मोठ्यांना नुसतं वांझपण किंवा कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड एवढंच दिसतं. मुलांमध्येही सगळ्यांचं पोट फुगत नाही. एखादं नुसतं बुटकं राहतं, एखाद्याच्या पक्क्या दातांवर डाग पडतात.

संशय आला तर गहू लगेच बंद करू नका. हे मी कळवळून सांगते, कारण माझ्या नणंदेनं तेच केलं. पोळी सोडली, रक्त तपासलं, गहू बंद असल्यानं रिपोर्ट खोटाच चांगला आला, आणि मग पुन्हा तपासणीसाठी सहा-आठ आठवडे पोळ्या खाव्या लागल्या. आधी तपासणी, मग पथ्य. रक्तात टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारं, आयजीए जातीचं प्रतिपिंड) बघतात, आणि सोबत एकूण आयजीएही मागून घ्या. ते मुळातच कमी असेल तर पहिला आकडा फसवा येतो. मुलाचं टीटीजी मर्यादेच्या दहापटीच्या वर होतं. 2020 च्या युरोपीय नियमांप्रमाणे अशा मुलांचं दुसऱ्यांदा रक्त घेऊन ईएमए हे दुसरं प्रतिपिंड तपासतात आणि तेही पॉझिटिव्ह आलं तर दुर्बिणीची तपासणी (तोंडातून नळी घालून आतडं बघणं) टाळता येते. त्याची टळली. माझी मात्र दुर्बिणीतून तपासणी झाली, आतड्याचे तुकडे काढले. मोठ्यांना सहसा ते चुकत नाही. आणि घरात एकाला निघाला की आईवडील, भावंडं सगळ्यांनी रक्त द्यावं. मी दिलं म्हणून तर कळलं.

पथ्य सुरू झाल्यावर पोरगं महिन्यात हसायला लागलं. दीड वर्षात भिंतीवरची पेन्सिलची खूण 13 सेंटीमीटर वर गेली. माझं अस्तर दोन वर्षांनीही पुरतं भरलेलं नव्हतं. मोठ्यांचं सावकाशच भरतं. मोठ्यांनी हाडांची घनता आणि थायरॉइड तपासून घ्यावं. मुलांची उंची-वजनाची नोंद ठेवावी, थायरॉइडही विसरू नये.

आता स्वयंपाकघर. आम्ही सोलापूरचे, मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हेच मूळ जेवण, म्हणून सुटलो असं वाटलं होतं. तर गिरणीनं घात केला. गव्हावर ज्वारी दळली की पीठ मिसळतंच, 'आधी थोडी ज्वारी घालून काढतो' म्हणून भागत नाही. घरघंटी घेतली. पोळपाट-लाटणं, परात, चाळणी वेगळी. दुसरा चोर म्हणजे हिंग. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, घटक वाचून तांदळाच्या पिठातला घ्या. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, मुलांच्या दुधात घालायची माल्टची पावडर, सगळ्यांकडे संशयानं बघा. उपासाचा फराळ मात्र आमचा मित्र: साबुदाणा, वरई, राजगिरा, फक्त पीठ बंद पाकिटातलं आणि ग्लूटेनमुक्त लिहिलेलं.

शाळेत बाईंना चिठ्ठी दिली, वाढदिवसाच्या केकऐवजी त्याचा राजगिऱ्याचा लाडू वर्गातल्या डब्यात कायम असतो. खेळायच्या रंगीत कणकेतही गहू असतो, हेही सांगितलं. मूल ऐकतं हो. माझंच अवघड. हळदीकुंकवाला 'एवढ्याशा शिऱ्यानं काय होतंय' म्हणणाऱ्या दहाजणी असतात, आणि मला त्रास दिसत नाही म्हणून मलाही तसंच वाटतं. आत मात्र अस्तर झिजत असतं. होळीला आम्ही दोघं वाटीत पुरण घेऊन वर तूप ओढतो. कटाच्या आमटीला हात लावण्याआधी पोरगंच विचारतं, "आजी, हिंग कुठला?"